सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन

मी नांदेडचा. एका बँकेची सायबर सुरक्षा सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली. आता नव्या टेक कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या एका फंडासाठी कंपन्या तपासतो. सवय मात्र जुनीच. बायको म्हणते, तुम्हाला लग्नाच्या मांडवातही आधी मागचं दार दिसतं. खरं आहे. बँकेत आम्हाला बुडवायला निघाला होता तो कुणी परका नव्हता, शाल-नारळ घेऊन निवृत्त झालेला आमचाच माणूस होता. त्याचं लॉगिन बंद करायचं मीच विसरलो होतो.

त्या दुपारी लातुरात एका तरुणाच्या ऑफिसात बसलो होतो. डॉक्टर व्हायचं म्हणून शिकवणीला आलेल्या पोरींच्या हॉस्टेलांसाठी त्यानं ॲप केलं होतं. बापानं गावाकडून फोनवर परवानगी द्यायची, गेटवरच्या अंगठ्याच्या मशीनवर हिरवी खूण उमटायची, मगच वॉर्डनबाई मुलीला बाहेर सोडणार. कल्पना झकास होती. पोरगाही आवडला, अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट, डोळे जागून लाल झालेले. मनातून मी होकार देऊन बसलो होतो.

तरी विचारलंच, "नोकरी सोडून कोण गेलं?"

"एकच, सर. मशीन बसवणारा. दिवाळीत गेला."

"त्याचं लॉगिन?"

तो ओशाळून हसला. "राहिलंच की ते. आत्ता बंद करतो."

"आधी उघडून दाखव."

उघडलं. शेवटचा वापर, आज दुपारी तीन वाजता. दिवाळीपासून तो माणूस रोज एकाच मुलीचं पान बघत होता. हिमायतनगरची, अकरावीतली. आणि आज नुसतं बघून थांबला नव्हता. तिच्या बापाच्या नावानं त्यानं परवानगी देऊन टाकली होती. बाहेर पडायची वेळ चारची.

चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. पोरगा पुटपुटला, "सर, हे बाहेर कळलं तर कंपनी संपली."

"खड्ड्यात गेली तुझी कंपनी! फोन लाव हॉस्टेलला."

मी असा ओरडलो की पलीकडच्या टेबलांवरचे लोक उभे राहिले. त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्या मुलीचं विचारलं.

"आलीय की परवानगी," वॉर्डनबाई म्हणाल्या. "पोरीला सांगितलंय, वर तयार होऊन राहिलीय."

"तिला सोडू नका, बाई. ती परवानगी खोटी आहे. आधी गेटला कुलूप लावा, कुणाला आत येऊ देऊ नका," मी म्हणालो.

चप्पल फटफटली, लोखंड वाजलं. मी श्वास सोडला.

"लावलं बगा कुलूप. भाईर कुणीबी न्हाई. आन् एवढी काळजी कशाला करता, सर? तुमचा माणूस हाय की हितं. त्यो निळ्या टी-शर्टवाला, रोज चारला मशीन बगायला येतो त्यो. आज लवकर आलाय. आतच बसलाय, चहा पिऊन राहिलाय."