पाण्याची रजा

तुझ्याकडं एवढे किस्से जमतात कसे, असं मला पुष्कळ जण विचारतात. सोपं आहे, नळाला पाणी यायची वाट बघत बसा! दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या शहरात सहाव्या-सातव्या दिवशी पाणी यायचं. सकाळी सातला येणार म्हणून सांगितलेलं पाणी दुपारी तीनला आलं तरी कुणी चिडायचं नाही. तोवर सगळी गल्ली पाईप हातात धरून ओट्यावर. मोबाईलची बॅटरी संपली की माणूस बोलणार नाही तर काय करणार? पण आज जे सांगतेय ते सगळे किस्से ऋताचे.

आमचं ऑफिस जालना रोडला, दुसऱ्या मजल्यावर, अकरा माणसांचं. मशीनच्या पार्टची ड्रॉइंग काढायची आणि पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवायची. शहर तेव्हा नुसतं सुटलं होतं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज टू बीएचके. धरणाचा तळ दिसतोय आणि बायपासला 'स्विमिंग पूलसहित' फ्लॅटची जाहिरात! अशात पुण्याच्या मोठ्या सरांच्या मनात आलं, की ही ब्रँच इथं ठेवायची का उचलून पुण्याला आणायची? त्यांचं म्हणणं, तरुण इंजिनिअर इथं टिकत नाहीत. म्हणून त्यांनी तिथल्याच ऋताला सहा महिन्यांसाठी आमच्याकडं पाठवलं. काम एकच. 'हे शहर तरुण प्रोफेशनल्सना सोशली आणि पॉलिटिकली सूट होतं का?' याचा रिपोर्ट द्यायचा. ती नाही म्हणाली की ऑफिसला कुलूप, चला पुण्याला!

बाकीच्यांचं माहीत नाही, माझी मात्र झोप उडाली. माझी आई देवगाव रंगारीला एकटी असते. शनिवारी अर्धा दिवस भरून एसटी पकडली की दिवस मावळायच्या आत मी घरी. पुण्याहून हे दर आठवड्याला जमणार होतं व्हय? आणि योग बघा, ऋताला राहायला जागा मिळाली ती पुंडलिकनगरात, माझ्याच खोलीत. मी ठरवूनच टाकलं, या बाईला सहा महिने फुलासारखं जपायचं.

* * *

पहिल्याच सकाळी घोळ झाला.

ऋता आंघोळीला गेली. शॉवर सोडला, गाणं सुरू केलं आणि पंचवीस मिनिटांनी ताजीतवानी होऊन बाहेर आली. दारात आमच्या घरमालकीण कुलकर्णी काकू उभ्या. काका तहसीलमधून रिटायर झाले, पण साहेबी मात्र काकूंकडं आली होती.

"झाली का गं आंघोळ?"

"हो काकू, एकदम मस्त!"

"मस्त होणारच. शुक्रवारपर्यंतची झाली की तुझी!"

ऋताला वाटलं काकू थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये एक तांब्या आणि अर्धी बादली बघितल्यावर तिला कळलं, की काकू पाण्याच्या बाबतीत थट्टा करत नाहीत. तिनं लगेच वही काढली. तिचं प्रत्येक वाक्य 'तुमच्याकडे'नं सुरू व्हायचं. पहिली नोंद तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली, "तुमच्याकडे शॉवर शोभेसाठी असतो."

मी नुसती हसले. जपायचं होतं ना!

* * *

आमचे मॅनेजर जोशी साहेब. माणूस सज्जन, पण रजा म्हटली की कपाळाला आठी. ताप आला म्हटलं तर डॉक्टरची चिठ्ठी मागणार. आत्या वारली म्हटलं तर "मागच्या दिवाळीत वारली होती ना?" असं विचारणार. पण "साहेब, आज आमच्याकडं पाणी आहे" एवढं म्हणा, पुढं एक शब्द नाही. सही करता करता फक्त विचारणार, "प्रेशर कसंय?"

ऋता चक्रावली. "सर, ही रजा पॉलिसीत कुठे आहे?"

साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, पॉलिसी पुण्यात छापलीय. तिथं नदीला पाणी आहे!"

* * *

मग सोशल लाइफ. त्याचा किस्सा गणेशच्या अंगावर आला.

गणेश आमच्याच ऑफिसात. गंगापूरचा, घरी ऊस-कापूस, पोरगा एकदम सरळ. एका रविवारी ऋतानं त्याला कॅनॉट मार्केटला चहाला नेलं. उद्देश कामाचाच, रिपोर्टसाठी चार प्रश्न विचारायचे. दोघांनी एकेक कप चहा घेतला. तेवढ्यात गणेशचा फोन वाजला. गंगापूरहून मामा!

"गणा, पोरगी कोणाची हाय?"

"मामा, ऑफिसची हाय. कामाचं बोलतोय."

"बोल की, नाय कोण म्हणतंय? पण तिनं चहात साखर नाय घेतली. शुगर हाय का तिला?"

गणेशनं चारी बाजूंना बघितलं. ओळखीचं कुणी दिसेना. त्या दिवशी नेमकं कोणी बघितलं, ते आजतागायत कळलेलं नाही. ऋतानं वहीत लिहिलं, "तुमच्याकडे प्रायव्हसी नाही," आणि तेव्हापासून ती चहात साखर घ्यायला लागली.

* * *

त्या बिनसाखरेच्या चहाचा परिणाम असा, की घरच्यांनी धसका घेतला आणि पुढच्याच रविवारी गणेशला मुलगी दाखवायचं ठरलं. मुलगी सिडकोतली, बँकेत नोकरीला. गणेश, मामा, आई आणि दोन काका जीप करून आले. दारात पोचतात तोच आत आरडाओरडा, "पाणी आलं, पाणी आलं!" सगळं घर मोटरकडं पळालं. मुलगीही पळाली! पाव्हणे दीड तास हॉलमध्ये पंख्याखाली बसून. शेवटी मुलगी भिजलेल्या ओढणीनंच चहा घेऊन आली, दोन मिनिटं बसली, आणि परत आतून हाक आली म्हणून गेली.

सोमवारी आम्ही सगळे गणेशच्या टेबलाभोवती. "काय रे, कशी आहे मुलगी?"

"नीट दिसलीच नाय," गणेश म्हणाला. "पण टाकी अंडरग्राउंड हाय, पाच हजार लिटरची! मामानं तिथंच होकार दिला."

* * *

ऋताच्या रिपोर्टच्या फॉर्मात पहिलाच रकाना होता 'शहराचे नाव', आणि तोच कित्येक दिवस रिकामा राहिला. त्यापायी हेड ऑफिसनं फॉर्म तीनदा परत पाठवला. जुनं आणि नवं, दोन नावं तोंडात, दोन्ही गरम. ती कुणालाही विचारायची, तर जो तो आधी तिच्या तोंडाकडं बघायचा, अंदाज घ्यायचा आणि मग नाव सांगायचा. रिक्षावाल्यानं तर तिलाच विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणतं म्हणता?"

शेवटी ती सलीमभाईंकडं गेली. सलीमभाई आमचे सीनियर ड्राफ्ट्समन, निम्म्या ऑफिसला त्यांनीच काम शिकवलेलं. ते पेन्सिल कानावर खोचत म्हणाले, "मॅडम, हम तो सीधा 'शहर' बोलते. गंगापूरवाला भी बोलता, शहर जाके आता. हमारे अब्बा भी येईच बोलते थे. कायकू झगडा?"

ऋतानं रकान्यात लिहिलं, 'शहर'. हा फॉर्म हेड ऑफिसनं चौथ्यांदा परत पाठवला नाही.

* * *

आता पॉलिटिकली.

एप्रिलात आमच्या गल्लीच्या दोन पाळ्या चुकल्या. बारा दिवस नळ कोरडा! ऋता पेटली. तिनं स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, मला आणि गणेशला बरोबर घेतलं, आणि आम्ही तिघं नगरसेवक भाऊंच्या ऑफिसात. भाऊंनी उठून स्वागत केलं, थंडा मागवला, अर्ज वाचला आणि म्हणाले, "असे शिकलेले लोक पुढं आले पाहिजेत! एक फोटो होऊन जाऊ द्या."

झाला फोटो.

तिसऱ्या दिवशी चौकात वीस फुटी फ्लेक्स. भाऊंचा वाढदिवस! वर भाऊ हात जोडून, खाली आमची तीन डोकी कापून गोलात बसवलेली. 'शुभेच्छुक: उच्चशिक्षित युवा मित्रमंडळ, पुंडलिकनगर.' आणि ऋताच्या गोलाखाली, 'अध्यक्षा'!

ऋता तडक भाऊंच्या ऑफिसात. "हे काय आहे? मला विचारलंत का?"

भाऊंना मनापासून वाईट वाटलं. "फोटो चांगला नाही आला का ताई? सांगा, दुसरा टाकतो!"

ती रागारागानं घरी आली. तर काकू फ्लेक्सचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवत बसलेल्या. वर कॅप्शन, 'आमची भाडेकरू.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर. ड्रायव्हर खिडकीतून ओरडतोय, "अध्यक्षा मॅडम कोण? आधी त्यांच्या दारात लावायला सांगितलंय!"

ऋतानं टँकर गल्लीच्या मधोमध लावायला लावला आणि स्वतः रांग लावली. मध्ये घुसणाऱ्या पहिल्या बाईला तिनं हाताला धरून मागं नेलं. त्या आमच्या काकूच होत्या.

* * *

एक किस्सा हसायचा नाही, पण सांगते.

मे महिन्यात एका शनिवारी मी एसटीला निघाले होते. ऋता वही चाळत म्हणाली, "खरं सांगू, वैशाली? तुमच्याकडे काहीच नाहीये गं. तुम्ही सगळे इथे राहता तरी कशाला?" पाच महिने जपलेलं सगळं माझ्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "लई शहाणी आहेस! आमचं सगळं इथं आहे म्हणून राहतो. लिही तुझ्या वहीत आणि टाक ऑफिस बंद करून!" आणि मी भर दारात रडले. मला स्वतःचीच लाज वाटली.

ऋतानं पायात चप्पल सरकवली आणि माझ्याबरोबर एसटीत येऊन बसली.

देवगावात तेव्हा प्यायचं पाणीसुद्धा टँकरचं. आम्ही दारात पोचलो, तर आईनं सवयीनं भरलेला तांब्या आणला, ऋताच्या पायावर घालायला. ऋतानं तिचा हात धरला. "मावशी, नको, राहू द्या ना. पाणी किती कमी आहे!"

आई तिच्यावर खेकसली, "म्हणून पाव्हणीला धुळीच्या पायांनी घरात घेऊ व्हय? सोड हात!"

ऋतानं पाय धुवून घेतले. येताना एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती. वही तिनं आणलीच नव्हती.

* * *

आणि मग शेवटचा दिवस. पुण्याचे मोठे सर स्वतः गाडी करून आले. रिपोर्ट सगळा लिहून तयार, फक्त शेवटचा रकाना कोरा. 'शिफारस.' मी आदल्या दिवशी दहा वेळा विचारलं, तर ऋता म्हणाली, "ते सरांना तोंडानंच सांगणार." मी सकाळी लवकर ऑफिसात गेले, ती मागून येणार होती.

अकरा वाजले. सर कॉन्फरन्स रूममध्ये, समोर समोसे आणि बिसलेरीच्या बाटल्या. जोशी साहेब घाम पुसतायत. सलीमभाई, गणेश, मी, सगळे भिंतीला लागून उभे. सव्वाअकरा झाले. मला वाटलं, ही बया न सांगताच पुण्याला निघून गेली की काय!

साडेअकराला माझा फोन वाजला. ऋता! सर म्हणाले, "स्पीकरवर टाका." टाकला. मागं कसलातरी घरघराट आणि काकूंची आरडाओरड.

"सर, सॉरी! मला आज यायला नाही जमणार. आज आमच्याकडं पाणी आलंय."

सर खुर्चीतून उठलेच. "पाणी? अहो, मी पुण्याहून आलोय! शिफारशीचं काय?"

पण तोवर जोशी साहेब टेबलावर वाकले होते. फोनला तोंड लावून त्यांनी विचारलं, "प्रेशर कसंय?"

"प्रेशर बरंय साहेब, पण मोटर खेचत नाहीये. बादल्यांनी भरतोय. वैशाली, तू आधी नीघ बरं, काकूंचा गुडघा धरलाय. आणि ऐक, सर नुसतेच बसले असतील ना, तर त्यांनाही घेऊन ये. जिन्यात एक माणूस कमी पडतोय!"