भिंतीवरची येळवस

दादाच्या लातूरच्या नव्या बंगल्यात हॉलच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र आहे. जगात नाव काढलेल्या एका इंग्रज चित्रकाराचं, त्याच्या उमेदीच्या काळातलं. पिवळं गव्हाचं शेत, घोडागाडी, मागं ढग. मूळ चित्र हातभर असेल नसेल; दादानं ते कॅनव्हासवर खाटेएवढं छापून घेतलं आणि बिनकाचेच्या सोनेरी चौकटीत बसवलं. मी नांदेडला शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मला मुद्दाम विचारलं, "कसंय?" मी म्हटलं, "चित्र चांगलंय. तुझ्या भिंतीवर शोभत नाही." तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं.

चित्रकारावर माझा राग नाही. त्यानं आपल्या गावचं शिवार जीव लावून रंगवलं. माझ्या भावानं आपल्या गावच्या शिवारात प्लॉट पाडले. शिरूर अनंतपाळकडचं आमचं रान विकताना त्यानं आईला शब्द दिला होता, की विहिरीजवळचा तुकडा येळवसेपुरता तुझाच राहील. त्या शब्दावर तिनं सही केली. दिवाळीनंतर तिथंही खुणेचे दगड रोवले गेले. हे आईला सांगायची हिंमत त्याला झाली नाही, मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि उठून भांडी घासत बसली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे जो तो रानात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात पांडव म्हणून दगड मांडून पुजायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकात पीठ कालवून केलेली आंबील पोटभर खायचं आणि निघताना आंबील उभ्या पिकावर शिंपडायची. आईनं हे एकही वर्ष चुकवलेलं नाही.

यंदा दादानं कोप हॉलमध्ये घातली. वहिनीची फरशी खराब होऊ नये म्हणून खाली प्लास्टिक, वर विकतचा कडबा, आणि समोर ते चित्र. शेजारीपाजारी जमल्यावर भिंतीकडे हात करून म्हणाला, "बघ आई, शेत समोरच हाय. उन्हात जायचं काम न्हाई." लोक हसले. मला इतकी चीड आली की हातातला उंडा मी कुस्करून टाकला.

आईनं पूजा केली, सगळ्यांना आग्रहानं वाढलं. जेवणं उरकल्यावर डोक्यावरचा पदर सारखा केला, आंबिलीचा तांब्या उचलला, कडुलिंबाचा डहाळा त्यात बुडवला आणि चित्रावर मारला. मग रानात मारतात तसा, चालत चालत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गव्हावर, घोड्यावर, ढगांवर. चौकटीवरून ताकपीठ ओघळायला लागलं.

"आई, काय करायलीस?" दादानं तिचा हात धरला.

"शेत हाय म्हणलास न्हवं?" हात सोडवून घेत ती म्हणाली. "मग येळवस पुरी करू दे."

दादा माझ्याकडे वळला. "तू चित्रकलेची बाई ना? बघत काय उभी राहिलीस? पूस आधी. वाळलं की डाग निघायचे न्हाईत."

ते मला त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं. आईच्या हातातला तांब्या रिकामा झाला होता. मी तो घेतला, पातेल्यातून काठोकाठ भरला आणि तिला परत दिला.