आत्याची टिचकी

आमची आत्या कोणत्याही काट्याला आधी टिचकी मारायची, मगच तो वाचायची. वजनकाटा असो, घड्याळ असो की माझं कपाळ. बारावीचा निकाल विचारताना तिने ती मारली आणि मी फुगवून सांगितलेले टक्के जागच्या जागी उतरले.

पांढरकवड्याच्या तंत्रनिकेतनात ती शिकवायची. म्हणायची, "घर्षण खोटं नाही बोलत रे. ते फक्त मांगचीच गोष्ट धरून बसते."

कापसाने साऱ्या जिल्ह्याचं तोंड उतरवलं होतं, त्या वर्षांत तिने विद्यार्थ्यांकडून एक पवनचक्की करून घेतली. झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेच्या विहिरीवर ती उन्हाळ्याआधी बसवायची होती. तिथल्या पोरी पाणी लांबून डोक्यावर आणत. अट एकच. ठरलेल्या वाऱ्यात चक्कीचा टॉर्क, म्हणजे आस पिळून फिरवायचा जोर, खुणेपर्यंत पोचला पाहिजे.

चाचणी कॉलेजच्या मैदानात झाली. तपासायला नागपूरहून साहेब आले. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून माझ्याकडे पेढे. वाऱ्याचा एक झोत आला, पाती घरघरली, जोर मोजणाऱ्या दांड्याचा काटा खुणेच्या पार गेला. झोत ओसरला, वारा ठरल्याइतका झाला, तरी काटा तिथेच! साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पेढे वाटून मोकळा झालो.

आत्याने पुढे होऊन मोजणीच्या दांड्याला टिचकी मारली. काटा खुणेखाली येऊन बसला. दांड्याची खीळ घट्ट होती. गेलेल्या झोताचा जोर त्या खिळीनेच धरून ठेवला होता.

"मॅडम, कायले मारली वो टिचकी?" एक पोरगा रडकुंडीला आला.

"अन् विहिरीवर पाणीच नाही चढलं, तं त्या पोरी काय काटा पितीन बाप्पा? साहेब, नापास लिहा." मग माझ्याकडे वळून, "तू काहून असा उभा? पेढा दे मले."

पोरांनी खीळ रॉकेलने धुतली, पाती नव्याने तासली. ऊन तापायला लागलं तेव्हा दुसरी चाचणी झाली. काटा खुणेच्या जरा खाली येऊन अडला. या खेपेला मी पेढ्यांच्या पुड्याची गाठसुद्धा सोडली नव्हती. आत्याने टिचकी मारली आणि काटा चक्क खुणेच्या वर सरकला!

"पाह्यलं? वर जातानीबी अडवते घर्षण!" आत्या पोरीसारखी ओरडली. चक्की झरीला गेली.

निवृत्त झाल्यावर ती लेकीकडे पुण्याला निघाली. बसस्टँडवर माझी टकळी चालूच होती. "जा आत्या, माझं कपाळ सुटलं एकदाचं. आमचं मजेत चालेल इथं."

तिने खिडकीतून हात काढला आणि माझ्या कपाळावर टिचकी मारली. "आता सांग."

मी तोंड उघडलं, तर नाक तेवढं वाजलं.

"हां," ती म्हणाली, "आता बराबर दाखवून राह्यला."

बस सुटली.