कानात सांगितलेलं नाव

भूतखेत, करणी, नजर... असलं काही मी मानत नाही. आर्वीला शाळेत विज्ञान शिकवते, आणि कुणी लिंबू-मिरचीचा विषय काढला की त्याची खैर नसते! तरीही लिहितेय, कारण ही गोष्ट मनातून जातच नाही.

माझा धाकटा भाऊ पिपरी मेघेला राहतो. त्याची दोन बाळं बारशानंतर, पाळण्यातच गेली. तिसरा मुलगा झाला, तर तोही दूध ओढेना, धड रडेना. डॉक्टरांची औषधं चालू होती. वहिनीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

तरी बारसं ठरलं. भावाने मोबाइलवर नाव शोधलं — रियांश.

"अर्थ काय रे?"

"अर्थ कोण पाह्यते ताई, भारी वाटते ना!"

आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान माझा. भर दुपारी, बायकांच्या गर्दीत मी पाळण्यात वाकले, 'कुर्र्र' केलं, रीतीप्रमाणे पाठीत धपाटे बसले... आणि माझ्या तोंडून स्पष्ट निघालं — "उकंडा!"

शप्पथ सांगते, मी 'रियांश'च म्हणणार होते. उकंडा म्हणजे उकिरडा! वहिनीला रडू फुटलं. भाऊ खेकसला, "पागल झाली काय ताई?" आणि तेवढ्यात बाळाने टाहो फोडला. इतका खणखणीत की बायका चपापल्या. वहिनीने घेतलं, तर घटाघटा दूध ओढायला लागलं.

बाबा मला आतल्या खोलीत घेऊन गेले. "कोणं सांगितलं तुले हे नाव?"

"कोणीच नाही, बाबा."

"माहं नाव होय ते. माह्या आधीची लेकरं जगली नाई, म्हणून मायनं मले उकिरड्यावर ठेवून उचललं. टाकलेल्या लेकराकडे मरण पाह्यत नाई म्हणते. शाळेत पोट्टे हसत, म्हणून मी उत्तम झालो. तुह्या आईलेही सांगितलं नाई कधी." आणि बाबा ढसाढसा रडले.

लहानपणी कुठेतरी कानावर पडलं असेल, टेन्शनमध्ये बाहेर आलं असेल... स्वतःला खूप समजावलं. पटत नाही.

रियांश आता अंगणवाडीत जातो, घर डोक्यावर घेतो. परवा पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता वहिनी म्हणाली, "ताई, आधीच्या दोघांच्या वेळी काऊन नाई आलं हे नाव तुमच्या तोंडी?"

त्या दोघांच्याही कानाशी मीच वाकले होते.