तप्पायतु

"तप्पायतु म्हण. मोठ्यानं म्हण. शेजारच्यांना ऐकू दे."

कुवेंपुनगरातल्या त्या घराच्या पायरीखाली मी उभी. मुठीत भरपाईचे पैसे. वर अम्मा, जिच्याकडे मी स्वयंपाकाला होते. मी म्हटलं. मग ती म्हणाली, "खाली ठेव." चपलांशेजारी ठेवले. दर महिन्याला हेच.

तिचा चांदीचा करंडा हरवला, आळ माझ्यावर आला. मी घेतला नव्हता. आमच्या घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आणि या गावात चुकून पाय लागला तरी तप्पायतु, उशीर झाला तरी तप्पायतु. चुकलं, माफ करा, एवढंच. कोर्टात जज्जसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" माझी बोबडी वळली. हात जोडले गेले आणि तोंडातून तेच निघालं. त्यांनी ती कबुली धरली. तुरुंगाऐवजी प्रोबेशन. अट अशी, की भरपाईचा हप्ता अम्माच्या घरी जाऊन हातात द्यायचा. तिनं हात कधी पुढे केलाच नाही.

एकदा म्हणाली, "पुढच्या वेळी लेकीलाही आण. तीही शिकेल म्हणायला."

तळपायाची आग मस्तकात गेली. चपलांजवळचे पैसे मी परत उचलले आणि थेट प्रोबेशनच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "हप्ता बुडवलास तर आत जाशील. पण अट बदलून मागता येते."

कोर्टात मागितली. साहेबांनी विचारलं, "हप्ता कमी हवा?"

"बेडा स्वामी. नको. पैसे पुरते देते. तिच्या पायरीवर देणार नाही. इथं भरते."

अम्मालाही बोलावलं होतं, ती उसळली. "म्हणजे दर महिन्याला मी कोर्टात येऊ?"

"पैसे हवे असतील तर या," साहेब म्हणाले. अट बदलली.

आता मी हप्ता भरते आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहते. ती येते. पैसे घ्यायला खिडकीशी रांगेत उभी राहते, चोरपाकीटमारांच्या मागे. शिपाई तिचं नाव ओरडतो. माझ्या जिवाला गार वाटतं. खोटं कशाला बोलू?

परवा गर्दीत तिचा पाय माझ्या पायावर पडला. सवयीनं निघालं तिच्या तोंडून, "तप्पायतु."

"मोठ्यानं म्हणा अम्मा," मी म्हटलं. "सगळ्यांना ऐकू दे."

भाऊ म्हणतो, उरलेले एकदम फेडून मोकळे होऊ. मी नाही म्हटलं. एकही हप्ता बुडवणार नाही, एकही आधी भरणार नाही. शेवटच्या रुपयापर्यंत तिला या खिडकीशी यायला लावणार.