तीन पटांचा धुरकरी

"अरे, बैलाला लागलं का बघा! डाव्याच्या गुडघ्याला हात लावून बघा आधी!"

मालक ओरडत होते. मी त्यांच्याच पायाशी, उलटलेल्या छकड्याखाली पालथा पडलो होतो, आणि माझा उजवा हात कोपरापासून अशा दिशेला वळला होता, जिकडं माणसाचा हात जात नसतो. पण पट आम्ही जिंकला होता. चाक निखळलं ते रेघ ओलांडल्यावर, आधी नाही. हे तुम्हीच लक्षात ठेवा, कारण दुसरं कुणी ठेवणार नाही.

आमच्याकडं शंकरपट म्हणजे बैलजोडीची शर्यत, आणि जोडी हाकतो तो धुरकरी. माझा पहिला पट साखऱ्याच्या माळावर. इतका जोरात गेलो, की तिकडं वारंगा फाट्यावर चहावाल्याच्या कपबश्या वाजल्या. माझी सावली मला दुसऱ्या दिवशी येऊन भेटली, धापा टाकत. माइकवर बैलांची नावं झाली, मालकांचं झालं, मालकांच्या मेव्हण्याचंही झालं. त्यानं म्हणे बैलांना अंडी पाजली होती. माझं नाही. घरी बायको म्हणाली, "तुमी खरंच गेलते का तिथं?"

दुसऱ्या पटात रेघ ओलांडून मी खाली उतरलो, तंबाखू मळली, खाल्ली, थुंकलो, तेव्हा कुठं दुसरी जोडी आली. याही वेळी गुलाल बैलांना आणि फेटा मालकांना. मग मी मालकांना गाठलं.

"मालक, एकदा माइकवर माझं नाव येऊ द्या. दुसरं काईच नको मला."

"काहून न्हाई? वसमतचा पट मार, माझ्या आधी तुझं घ्यायला लावतो."

वसमतचा पट म्हणजे हाच, चाक निखळलं तो. मला उचलून जीपमध्ये घातलं तेव्हा माइकवाला नुसता "हॅलो, हॅलो" करून राहिला होता. निकाल काही माझ्या कानावर पडला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, या हातानं आता कासरा धरायचा नाही. म्हणजे माझं नाव व्हायचं असेल तर ते त्याच दुपारी झालं असणार.

संध्याकाळी मालक आले, कपाळभर गुलाल. अर्धा तास डाव्या बैलाच्या गुडघ्याबद्दल बोलले. नुसतं खरचटलं होतं, तरी परभणीहून जनावरांचा डॉक्टर आणवला होता. त्यांचं संपेपर्यंत मी थांबलो.

"मालक, माइकवर नाव घेतलं का?"

"घेतलं न," ते म्हणाले. "दोन्ही बैलांचं."