चिकूच्या वाडीतले चौदा झगे

चिखले गावातल्या एका वाडीवाल्यांची सून माझ्या दुकानात आली, माझ्यासमोर मोबाईल धरला आणि म्हणाली, "मावशी, असे चौदा शिवायचे. डिझाइन तयारच आहे, तुम्हाला डोकं चालवायला नको."

डहाणूच्या मसोलीत माझं शिवणाचं दुकान आहे, तीसेक वर्षं झाली. डोकं न चालवता मी आजवर उशीचा अभ्राही शिवलेला नाही. पण गिऱ्हाईक मोठ्या घरचं होतं, म्हणून चष्मा लावून बघितलं.

त्यांच्या चिकूच्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. चिकू धुणाऱ्या, निवडणाऱ्या बायका पाहुण्यांना सगळ्या एकसारख्या दिसाव्यात, म्हणून हा गणवेश. सुनेने तीन महिन्यांचा ऑनलाइन फॅशनचा कोर्स केला होता. "समुद्राकाठच्या बागेत राबणाऱ्या स्त्रीचा साधा, देखणा पोशाख" असं तिने कुठल्याशा एआयला लिहून दिलं आणि त्याने चित्र काढलं. तेवढ्यावर ती सगळ्यांना सांगत होती, "मी डिझाइन केलंय."

चित्रातली बाई गोरीपान. अंगात घोट्यांवर लोळणारा पांढरा झगा, बाह्या बोटांवर आलेल्या. पुढे सात बटणं, पण ती लावायला पट्टीच नाही. बटणं नुसती कापडावर ठेवल्यासारखी. डाव्या खांद्यावर एक शिवण गळ्यापासून निघाली होती आणि मध्येच विरून गेली होती. उजव्या खांद्यावर ती नव्हतीच.

"गळा एवढासा, पुढे उघडत नाही. मागे काय आहे?" मी विचारलं.

"मागचं चित्र नाहीये."

"म्हणजे बाईला पाठ नाही?"

ती हसली, मोबाईलवर काहीतरी लिहिलं आणि अर्ध्या मिनिटात मागचं चित्र आलं. त्यात चेन होती, बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या आणि केसही वेगळे होते.

"ही दुसरीच बाई आहे, दुसऱ्याच कपड्यांत," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही जुनी माणसं बदलाला फार घाबरता."

मी पायाच्या मशीनवर शिकले, मग मोटर बसवली, ओव्हरलॉक घेतलं. कशाला घाबरले ते मला तरी आठवत नाही. तलासरीत माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. ती कॉम्प्युटरवर मापं घालून कटिंगचे कागद काढते, कापड किती कमी वाया जातं ते मला येऊन दाखवते. तिच्यापुढे मी गप्प बसते, कारण तिला बाही कशी बसते ते ठाऊक आहे. या सुनेला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

"मापं घ्यायला कधी येऊ?"

"मापं कशाला? स्मॉल, मीडियम, लार्ज करा."

तरी मी गेले. शेडमध्ये ओल्या कोब्यावर बायका टबांत चिकू धूत होत्या. साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, हात चिकाने काळे पडलेले. त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई तलासरीकडून रोज टेम्पोने यायची. मी तिला चित्र दाखवलं.

"ही कोण बाय?"

"कोणी नाही. मशीनने काढली."

"मग बरंय," ती म्हणाली. "तिला चीक लागायचा नाय."

मी सुनेला सांगितलं, चिकाचा डाग पांढऱ्यावरून जाणार नाही, बाह्या टबात बुडतील, घेर पायाखाली येईल. ती म्हणाली, "तुम्ही फक्त शिवा हो."

आणि मी शिवले. पट्टी माझ्या मनाने घातली, गळा सुधारला, पण लांबीला हात लावला नाही. खरं सांगायचं तर मला तिची फजिती बघायची होती. चौदाही झगे इस्त्री करून पाठवले आणि आता गंमत होईल म्हणून वाट बघत बसले.

गंमत चौथ्या दिवशी झाली. ती जुनी बाई भरलेला क्रेट उचलून निघाली, ओला घेर पायात आला आणि ती कोब्यावर पालथी पडली. उजवं मनगट मोडलं. हे मला बाजारात कळलं. तिला भेटायला गेले तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. ती म्हणाली, "तुझं शिवण पक्कं हाय बाय, फाटलं नाय." ती चांगल्या मनाने बोलत होती. मला मात्र मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन वाडीत गेले आणि कोणाला न विचारता चौदाही झगे गुडघ्याशी कापले, बाह्या कोपराशी आणल्या. सून धावत आली.

"मावशी, माझं डिझाइन बिघडवलंत!"

"तू एकदा हे घालून क्रेट उचल. मग पूर्वीसारखं करून देते."

तिने क्रेटकडे बघितलं आणि घरात निघून गेली.

महिनाभराने त्यांची वेबसाइट निघाली. एका गिऱ्हाइकाने मला ती दाखवली. हातात टोपल्या घेतलेल्या बारा-पंधरा बायका, घोट्यापर्यंत पांढरेशुभ्र झगे, डाग औषधालाही नाही. त्यातली एकही वाडीतली नव्हती. सगळ्या मशीनच्या. मागच्या झाडांना लाल चिकू लागले होते! एवढंच करायचं होतं तर कोणाच्या अंगात ते झगे घालायची गरजच नव्हती. डहाणूत राहून, चिकूवर घर चालवून या घराला लाल चिकू खटकला नाही. अशा नजरेला मी काय नावं ठेवायची!

मनगट मोडलेली ती जुनी बाई पुढे दुकानात आली. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. ब्लाऊजचे हुक लावता येत नाहीत, रोज आपल्या घरच्या सुनेला हाक मारावी लागते, याची तिला लाज वाटत होती. मी तिला स्टुलावर बसवलं, डावा हात कुठवर पोचतो, अंगठ्यात जोर किती आहे ते बघितलं. एक ब्लाऊज केला, तो जमला नाही. टिचबटणं फार घट्ट होती. दुसऱ्यात डाव्या हाताने लावता यावं म्हणून पट्टी उलट्या बाजूला घेतली आणि मऊ, मोठी बटणं लावली. पडद्याआड जाऊन तिने तो घातला. बराच वेळ लागला. मी दोनदा विचारलं, "येऊ का आत?"

"नको," ती आतून म्हणाली. "माझं मी लावते."